मामंजींच्या नखांवरचा कापूस

पेडगावात कुणाच्या घरी लग्न निघालं की नवरी मुलगी नखं रंगवून घ्यायला माझ्याकडे येते. येताना मोबाइलमध्ये चित्रं घेऊन येते, आणि त्यांत हमखास बर्फाचे ठिपके नाहीतर कुठल्या परदेशातली गुलाबी फुलं असतात. मी विचारते, "बाई गं, तुझ्या बापाच्या रानात बर्फ कधी पडला?" काही हसतात, काही रुसतात. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे गावाला ठाऊक आहे, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेत नाही. मी त्या दिवसांत शिवारात जे असेल तेच काढते. भाद्रपदात कापसाचं फूल, मार्गशीर्षात तूर, पौषात ज्वारीचं कणीस, फाल्गुनात पळस. सामानही घरचंच. पेन्सिलीच्या खोडरबरात खोचलेली टाचणी, खराट्याची एक काडी आणि केस कातरून बारीक केलेला माझ्या पोरीचा रंगाचा जुना ब्रश. इतका बारीक हात कुठं बसवला असं मुली विचारतात, तेव्हा मी सांगते, सासऱ्यांच्या नखांवर. त्यांना वाटतं मी थट्टा करतेय.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणते. म्हणजे पूर्वी मनातच म्हणायचे, कारण सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. चहा झाला की मी सासूबाईंना सांगायचे, "आत्याबाई, मामंजींना म्हणावं चहा झालाय." मामंजी तिथंच, हाताच्या अंतरावर बसलेले असायचे. तेही बायकोकडे बघून म्हणायचे, "तिला म्हणावं, साखर कमी टाकत जा." असं एक माणूस मध्ये घालून आमचं बोलणं लग्नापासून चाललं होतं. त्यांचा घरात आणि भावकीत मोठा दरारा. माझं नखं रंगवणं त्यांना पटत नसावं असं मला वाटायचं. पण तेही कधी तोंडावर बोलले नाहीत. तोंडावर काही बोलायची सोयच नव्हती.

एका वर्षी सोयाबीनची पेरणी उरकली आणि त्याच आठवड्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. परभणीच्या दवाखान्यात बरेच दिवस काढले. पाय काठीच्या आधारानं परत आला, जिभेवर थोडा जडपणा राहिला तरी बोलणंही आलं. उजवा हात मात्र आला नाही. बोटं आत वळत गेली आणि तळव्यात घट्ट मिटली, अंगठा त्यांच्याखाली अडकला. मामंजी ती मूठ उपरण्याखाली ठेवायचे. डाव्या हातानं जेवायचे, तेही भिंतीकडं तोंड करून. आलेल्या पाहुण्याला ते डाव्या हातानंच "बसा" म्हणून खुणावत. ज्यानं हयातभर लोकांना पाठीवर थाप मारून उभं केलं, त्या माणसाला आपलाच हात लपवावा लागतो हे मला बघवायचं नाही. पण मी सून. बघून न बघितल्यासारखं करायचे.

आता आमच्या घरातलं नखांचं शास्त्र सांगायला हवं. सोमवार महादेवाचा, त्या दिवशी नख कापायचं नाही. मंगळवार देवीचा. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा. रविवार खंडोबाचा, आणि खंडोबा तर आमचं कुलदैवत. उरला बुधवार. बुधवारी मी, नवरा आणि पोरगी ओट्यावर ओळीनं बसून नखं कापायचो. पण मामंजींचा जन्म बुधवारचा, आणि जन्मवारी नख कापलं तर आयुष्य कमी होतं अशी आत्याबाईंची पक्की समजूत. म्हणजे मामंजींना आख्ख्या आठवड्यात एकही दिवस नव्हता. हे इतक्या वर्षांत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, कारण ते दाढीला न्हाव्याच्या दुकानात जायचे तेव्हा तिथंच नखं काढून यायचे. घराबाहेर कापलेल्या नखाला वार लागत नसावा. आजारपणानंतर न्हावी घरी येऊ लागला. तो दाढी करायचा, आणि नखांकडे वळला की आत्याबाई आतून वार सांगायच्या. डाव्या हाताची नखं वाढली, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. उजव्या मुठीत जी वाढत होती ती कुणाला दिसतच नव्हती.

भाद्रपदात एकदा त्यांच्यापुढं ताट ठेवताना मला वास आला. उंदीर मेला असावा म्हणून मी ढाळजेतली पोती हलवून बघितली. ढाळज म्हणजे आमच्या घराची पुढची बैठकीची जागा, तिथंच मामंजींची खाट. पोत्यांमागं काही नव्हतं. मग उपरण्यावरचा पिवळा डाग दिसला. नवऱ्यानं जोर लावून मूठ जराशी उघडली तेव्हा मामंजी गुरासारखे ओरडले. चारही नखं तळव्यात रुतली होती आणि पू झाला होता.

डॉक्टरांनी मूठ उघडून जखम धुतली, नखं कापली. मग आमच्याकडं बघून विचारलं, "नखं इतकी वाढेपर्यंत घरातले काय करत होते?"

आत्याबाई हात जोडून म्हणाल्या, "बुधवारचा जन्म हाय त्येंचा."

डॉक्टरांना काहीच कळलं नाही, आणि मी लाजेनं खाली बघत राहिले. त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं की शुगर आहे, ही जखम परत चिघळली आणि हाडापर्यंत गेली तर पंजा काढावा लागेल. नखं कायम बारीक हवीत, आणि मूठ रोज उघडून बराच वेळ उघडी ठेवायला हवी. कशी उघडायची तेही दाखवलं. कोमट पाण्यात हात भिजवायचा, मनगट खाली वाकवायचं म्हणजे बोटं आपोआप सैल होतात, मग आधी अंगठा, नंतर एकेक बोट. नंतर नवऱ्याला आणि मला बाहेर बोलावून ते हळू आवाजात म्हणाले, "हाताची आशा ठेवू नका. तो परत येणार नाही. आपल्याला फक्त तो वाचवायचाय."

घरी आल्यावर मामंजी कुणालाच हात लावू देईनात. नवरा जवळ गेला की शिव्या. दुखायचं हे खरं, पण दुखण्यापेक्षा त्यांना त्या उघड्या हाताची शरम जास्त होती. आत्याबाईंचे हात थरथरायचे, आणि त्यांच्या मनात वाराची भीती होतीच. मी तर सून, माझा प्रश्नच नव्हता. जखमेवर नवी कातडी धरत होती तेवढ्यात नखं पुन्हा वाढायला लागली. एवढा मोठा माणूस, आणि आम्ही सगळे धडधाकट असून त्याचा पंजा जाणार, तोही चार नखांपायी.

एका दुपारी मी ढाळजेच्या उंबऱ्याशी बसून माझ्या नखांवर तूर काढत होते. शिवारात तूर पिवळीधमक झाली होती. मामंजी खाटेवरून बराच वेळ बघत होते. आत्याबाई शेजारी गेलेल्या, म्हणजे आमच्या मध्ये बोलायला कुणी नव्हतं. बहुतेक म्हणूनच ते भिंतीला म्हणाल्यासारखे म्हणाले, "काय काढायलीय कुणाला ठावं."

मीही भिंतीलाच सांगितलं, "तुरीचं फूल हाय."

"मला तर मिरची दिसायली."

झालं! सकाळपासून खपून काढलेल्या फुलाला मिरची म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. रीतभात विसरून मी म्हणाले, "माझ्या एवढ्याशा नखावर कसं दिसंल? तुमची नखं बघा केवढी वाढलीत. आणा इकडं, दावते काढून."

आणि मामंजींनी डावा हात पुढं केला. आता हे खरंच हात देताहेत म्हटल्यावर घाबरायची पाळी माझी होती. पण तोंडातून शब्द गेला होता. मी आधी कानस घेतली आणि नखं घासून लहान करायला लागले. तेवढ्यात आत्याबाई परत आल्या आणि दारातच थबकल्या. सुनेच्या हातात सासऱ्याचा हात, हे त्यांना नंतर सुचलं. आधी त्या म्हणाल्या, "आज सोमवार हाय. नख कापायचं न्हाई."

"कापायले न्हाई आत्याबाई. घासायले."

आत्याबाईंनी बराच विचार केला. घासण्याबद्दल त्यांच्या सासूनं काही सांगून ठेवलेलं नव्हतं. "घास मग," म्हणाल्या आणि आत गेल्या. इतकी सोपी पळवाट होती, आणि तिच्यावाचून एका माणसाचा हात जायची वेळ आली होती. मला हसू आलं आणि रडूही आलं.

डाव्या हाताच्या पाचही नखांवर मी तूर काढली. मामंजींनी हात लांब धरून, जवळ धरून बघितला. "आता वळखू यायली," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले की पाकळीवर लाल रेघ राहिली. ती काढली. मग म्हणाले, "जागा संपली."

मी म्हणाले, "जागा हाय की. तुमी दडवून ठिवलीय."

मी उठून जाणार तेवढ्यात त्यांनी उपरण्याखालून मूठ काढली आणि मांडीवर ठेवली. तोंड भिंतीकडं होतं.

कोमट पाणी आणलं. मनगट वाकवलं, आधी अंगठा सोडवला. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले. मी थांबले की म्हणायचे, "थांबू नको." डोळ्यांत पाणी आणून त्यांनी एकदाच विचारलं, "ह्येनं काय व्हनार हाय?" मला दवाखान्याच्या बाहेरचं बोलणं आठवलं, पण त्या क्षणी ते सांगायला माझी जीभ उचलेना. मी म्हणाले, "रोज उघडत गेलं की हात येतो." ते म्हणाले, "व्हय?" आणि बोटं अजून सैल सोडली.

नुसता नेलकटर असता तर काम दोन मिनिटांत उरकलं असतं आणि मूठ परत मिटली असती. रंगाचं तसं नसतं. रंग वाळेपर्यंत बोटं मिटता येत नाहीत. आधी खालचा थर, तो वाळायचा, मग फूल, ते वाळायचं, मग वरचा चकचकीत थर. तळव्यात मऊ रुमालाची गुंडाळी ठेवून आम्ही वाळायची वाट बघत बसायचो. मी मुद्दाम एक थर जास्त द्यायचे. आणि वाट बघताना गप्प किती बसणार? आधी पिकाबद्दल बोललो, मग पोरीच्या शाळेबद्दल, मग माझ्या माहेरच्या विहिरीबद्दल. त्या विहिरीचं पाणी मचूळ आहे हे त्यांना माझ्या लग्नाआधीपासून ठाऊक होतं. पोरगी द्यायला आलेल्या घराची विहीर ते आधी बघून आले होते! "अन् पोरगी?" मी विचारलं. "पोरगी कोण बघतंय," म्हणाले, आणि त्यांना हसताना मी पहिल्यांदा जवळून बघितलं.

कापसाची शेवटची वेचणी चालू होती तेव्हा त्यांच्या नखांवर कापूस आला. पांढऱ्या रंगाचे दाट ठिपके टाचणीच्या माथ्यानं द्यायचे आणि खाली सुकलेल्या बोंडाच्या तपकिरी पाकळ्या. तो त्यांना सगळ्यात आवडला. पौषात ज्वारी, माघात करडईची केशरी फुलं. काटे नीट काढ म्हणून ते मागं लागायचे. तळव्यावरच्या जखमांच्या जागी चार पांढुरक्या चंद्रकोरी राहिल्या. मला वाटलं, जिंकलो.

मग बोरी गावात नात्यातला एक साखरपुडा निघाला. मामंजी आजारानंतर पहिल्यांदा कार्याला निघाले. मी रंग काढून टाकू का विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, कोण बघतंय." पण बघणारे असतातच. मांडवात उपरणं घसरलं आणि त्यांचे एक चुलतभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दादा, आता बांगड्याबी भरा की." मांडव हसला. मामंजींनी मूठ उपरण्याखाली घेतली.

त्यानंतर त्यांनी हात काढला नाही. मी रंगांचा डबा घेऊन बसायचे, ते कूस बदलायचे. नवरा म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण झालं. बंद कर हे खूळ." मी म्हणाले, बंद करते, तू नेलकटर घेऊन जा आणि मूठ उघडून दाखव. तो गेला आणि शिव्या खाऊन परत आला. आठवडा उलटून गेला. मग एका सकाळी ताट ठेवताना मला तोच वास आला, अगदी बारीक.

माझा तोल सुटला. डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर आला कळलं नाही. मी मामंजींवर ओरडले. सासऱ्यावर ओरडले! "त्या माणसानं बांगड्या म्हणलं म्हून पंजा तोडून घेनार का तुमी? तो येनार हाय का तुमच्या तोंडात घास घालाय? हसू द्या की सगळ्या गावाला! हसल्यानं हात कुजत न्हाई, मिटल्यानं कुजतोय!"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आता माहेरची वाट धरावी लागते, असं मला वाटलं. मामंजी माझ्याकडं बघत होते. भिंतीकडं नाही, माझ्याकडं. मग बायकोला म्हणाले, "पाणी ठिव कोमट." त्या दिवशी आत्याबाईंनी पाणी ठेवलं, रुमाल धुऊन आणला, आणि वार विचारला नाही.

पळस फुलला तेव्हा तळवा पुन्हा कोरडा झाला होता. चैत्र लागल्यावर तपासणीसाठी परभणीला गेलो. नवऱ्याला कामामुळं यायला जमलं नाही, मीच घेऊन गेले. डॉक्टर आधीचेच होते. त्यांनी नखांवरचे केशरी पळस बघितले, हसले, तळवा दाबून बघितला आणि म्हणाले, "पंजा वाचला. शाबास." मला उडी मारावीशी वाटली. मग ते मामंजींना, अगदी सहज, माझ्यासमोरच म्हणाले, "हात काही कामाचा होणार नाही बाबा. पण असाच स्वच्छ ठेवा. रोज उघडायचं सोडलं तर पुन्हा तीच जखम होईल."

मी मामंजींकडं बघू शकले नाही. गाडीत ते बाहेरची रानं बघत बसले. मी मनात हिशेब मांडत होते, की आता हा माणूस मूठ का उघडेल? रोजचं दुखणं त्यांनी एका शब्दावर सोसलं होतं, आणि तो शब्द खोटा निघाला होता. उद्यापासून परत उपरणं, परत तो वास. आणि ह्या वेळी ओरडायला मला तोंड उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा काढलाच नाही. स्वयंपाकघरात उगीच डबे पुसत बसले. ढाळजेतून आवाज आला, "पोरी, आज बसायचं न्हाई का?"

मी जाऊन दाराशी उभी राहिले. "डॉक्टर काय म्हणले ते ऐकलं न्हाई का तुमी?"

"ऐकलं. त्येच्यात नवं काय हाय? हात माझा हाय. सोयाबीन फुलात व्हतं तवाच कळलं व्हतं मला, ह्यो काय परत येत न्हाई."

"मग रोज इतकं दुखणं कशापायी सोसलं?"

ते थोडे अवघडले. "तू म्हणलीस न्हवं, येतो म्हून. म्हणलं, पोरीला खरं वाटायलंय. आपुन कशाला तिचं मन मोडा."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. मग एका दमात सांगून टाकलं, "मला बी म्हाईत व्हतं, मामंजी. डॉक्टरांनी पयल्याच दिवशी भाईर बोलावून सांगितलं व्हतं. तुमचं मन मोडू नये म्हून मी बोलले."

मामंजींनी डाव्या हातानं उपरणं बाजूला केलं. उजवं मनगट धरून खाली वाकवलं. आधी अंगठा सोडवला, मग करंगळी, मग एकेक बोट, दुखलं की थांबत, पुन्हा धरत. आजवर ती मूठ त्यांनी स्वतः कधी उघडली नव्हती. उघडा पंजा त्यांनी माझ्यासमोर खाटेच्या काठावर ठेवला.

"म्हंजी आता हातासाठी बसायचं काम न्हाई तुला," ते म्हणाले.

"न्हाई," मी म्हणाले.

"मग असंच बस."